पीसीबी बदलण्याआधी सेन्सर मोजा : घरच्या हीट पंपाचा टेम्परेचर सेन्सर कसा तपासायचा आणि कसा बदलायचा



एसी, गीझर, हीट पंप यांच्या सर्व्हिसिंगचा धंदा ज्यांना सुरू करायचाय, किंवा ज्यांनी नुकताच सुरू केलाय, त्यांच्यासाठी आजचा विषय आहे. व्हिडिओत हात कसा चालतो ते दिसतं, पण आकडे डोळ्यांसमोरून निघून जातात. म्हणून मोजमापाचे आकडे, तपासणीचा क्रम आणि पैशाचा हिशोब इथे नीट लिहून देतोय. मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, साइटवर कामाला येईल.

बंगल्यांमध्ये, होस्टेलमध्ये, छोट्या लॉजमध्ये आता गरम पाण्यासाठी हीट पंप दिसायला लागलेत. साधा गीझर वीज जाळून उष्णता तयार करतो. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे फ्रिजच्या उलटं काम. त्यामुळे एक युनिट विजेत साधारण तीन युनिटइतकी उष्णता मिळते. यंत्र महाग, म्हणून त्याचे पार्टही महाग. आणि म्हणूनच चुकीचं निदान ग्राहकाला फार महागात पडतं.

तक्रार ठरलेली असते : "पाणी कोमटच येतंय", नाहीतर "मशीन सारखं बंद पडतंय." मेकॅनिक येतो, डिस्प्लेवरचा एरर बघतो आणि सांगतो, "पीसीबी गेलाय." कधी तो खरंच गेलेला असतो. पण पुष्कळदा बोर्ड ठणठणीत असतो आणि त्याला चुकीची माहिती देणारा काही शे रुपयांचा सेन्सर बिघडलेला असतो. दोन्हींतला फरक सांगायला एक मल्टिमीटर, थोडा बर्फ आणि अर्धा तास पुरतो. आज हेच शिकायचंय.

सेन्सर म्हणजे नक्की काय?

हीट पंपातला टेम्परेचर सेन्सर म्हणजे बहुतेक वेळा एनटीसी थर्मिस्टर. नाव मोठं आहे, काम सोपं. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, तापमान उतरलं की रेझिस्टन्स वाढतो. एवढं उलटं गणित डोक्यात पक्कं बसवा, पुढचं सगळं सोपं जाईल.

बोर्ड या सेन्सरला एका ठरावीक रेझिस्टरमधून ५ किंवा ३.३ व्होल्ट डीसी देतो आणि मधल्या जोडावरचा व्होल्टेज वाचतो. त्यावरून तो तापमान ठरवतो. म्हणजे बोर्डाला पाण्याचं तापमान कधीच थेट कळत नाही. सेन्सर जे सांगेल ते तो खरं मानतो.

घरगुती गरम पाण्याच्या हीट पंपात साधारण असे सेन्सर असतात :

१. टाकीचा सेन्सर – पाणी किती तापलं ते सांगणारा.
२. कॉइलचा सेन्सर – कॉइलवर बर्फ धरतोय का ते ओळखणारा.
३. बाहेरच्या हवेचा सेन्सर.
४. डिस्चार्ज सेन्सर – कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गरम पाइपवर बसवलेला, कंप्रेसरला वाचवणारा.

टाकी, कॉइल आणि हवेचे सेन्सर अनेक मशीनमध्ये '१० के'चे असतात, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला दहा हजार ओहम. काही मशीनमध्ये ५ के असतात. डिस्चार्ज सेन्सरला जास्त तापमान सोसायचं असतं, म्हणून तो बऱ्याचदा ५० केचा येतो. अंदाजाने चालू नका. मशीनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किंवा झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर बघा.

खिशात ठेवायचा तक्ता

१० के आणि बीटा ३९५० अशा सेन्सरचे हे अंदाजे आकडे. कंपनीचा स्वतःचा तक्ता हाताशी असेल तर तोच प्रमाण माना.

० अंश – सुमारे ३३ किलो-ओहम
१० अंश – २० किलो-ओहम
२० अंश – १२.५ किलो-ओहम
२५ अंश – १० किलो-ओहम
३० अंश – ८ किलो-ओहम
४० अंश – ५.३ किलो-ओहम
५० अंश – ३.६ किलो-ओहम
५५ अंश – ३ किलो-ओहम
६० अंश – २.५ किलो-ओहम

एका अंशाला रेझिस्टन्स साधारण चार टक्के बदलतो. म्हणजे तुमचं रीडिंग तक्त्यापेक्षा चार-पाच टक्के इकडेतिकडे असेल, तर चूक फक्त एखाद्या अंशाची आहे. तेवढ्यासाठी सेन्सर बदलू नका.

सेन्सर तीन प्रकारे बिघडतो

पहिला प्रकार, वायर तुटते किंवा कनेक्टर निघतो. रेझिस्टन्स अमर्याद होतो. बोर्डाला वाटतं, इथे कडाक्याची थंडी आहे! असं तापमान शक्य नाही हे त्याला कळतं आणि तो एरर दाखवतो.

दुसरा प्रकार, दोन वायर एकमेकींना चिकटतात. रेझिस्टन्स जवळपास शून्य. बोर्डाला वाटतं आग लागलीय. इथेही एरर येतो.

हे दोन्ही सोपे. एरर कोड कंपनीप्रमाणे बदलतात, मॅन्युअल बघा आणि थेट त्या सेन्सरकडे जा.

खरी डोकेदुखी तिसरा प्रकार. सेन्सर जिवंत असतो, पण खोटं बोलतो. एरर येत नाही, डिस्प्लेवर तापमानही दिसतं, फक्त ते चुकीचं असतं. याच्यामागे बहुतेक वेळा ओलावा असतो. सेन्सरच्या टोकात पाणी शिरलं की करंटला दुसरी वाट मिळते, रेझिस्टन्स घटतो आणि बोर्डाला तापमान जास्त वाटतं. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर आला की रेझिस्टन्स वाढतो आणि बोर्डाला तापमान कमी वाटतं.

आता यातलं गांभीर्य बघा. कनेक्टरवरच्या थरामुळे फक्त १ किलो-ओहम जास्तीचा आला, असं धरू. २५ अंशांना १० ऐवजी ११ किलो-ओहम दिसतील. चूक जेमतेम दोन अंशांची, कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण पाणी ५५ अंशांवर गेलं की ३ ऐवजी ४ किलो-ओहम होतात आणि बोर्ड ते ४७ अंश समजतो. मग तो तापवतच राहतो. बोर्डाच्या हिशोबाने ५५ व्हायला टाकीतलं पाणी प्रत्यक्षात ६६ अंशांच्या आसपास जावं लागेल. तिथपर्यंत जाताना एकतर प्रेशर वाढून मशीन ट्रिप होईल, नाहीतर तेवढं कडक पाणी नळातून येईल. ६० अंशांवरच्या पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर ही फक्त मशीनची तक्रार राहत नाही.

म्हणूनच माझा नियम लिहून घ्या : सेन्सर एकाच तापमानाला मोजून 'ओके' म्हणायचं नाही. गार आणि गरम, दोन्ही ठिकाणी मोजायचा.

लक्षणावरून अंदाज कसा बांधायचा?

- पाणी कोमट, पण डिस्प्लेवर ५५ : टाकीचा सेन्सर तापमान जास्त दाखवतोय.
- पाणी फार कडक, मशीन ट्रिप होतं : टाकीचा सेन्सर कमी दाखवतोय, किंवा तो आपल्या खोबणीतून बाहेर निघालाय.
- कॉइल कोरडी असूनही मशीन सारखं डीफ्रॉस्टला जातं : कॉइलचा सेन्सर कमी दाखवतोय.
- कॉइलवर बर्फाचा थर, तरी डीफ्रॉस्ट होत नाही : कॉइलचा सेन्सर जास्त दाखवतोय, किंवा त्याची क्लिप सुटलीय. निफाडसारख्या भागात थंडीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तिथे ही तक्रार आली तर कॉइलचा सेन्सर आधी बघा.
- कंप्रेसर थोडा चालून बंद पडतो : डिस्चार्ज सेन्सर जास्त दाखवत असेल. पण गॅस कमी असला तरी असंच होतं, म्हणून मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

पाणी कोमट येण्याचं एक साधं कारणही असतं. बाथरूममधला मिक्सर नळ आतून खराब झाला की गार पाणी गरम पाइपात शिरतं. टाकीच्या आउटलेटजवळ थर्मामीटरने तापमान घ्या. तिथे ५५ आणि नळाला ३८ असेल, तर हीट पंप उघडायची गरजच नाही. प्लंबरला बोलवायला सांगा. ग्राहक तुम्हाला विसरणार नाही.

तपासणीचा क्रम

आधी सुरक्षितता. एमसीबी पाडा. नुसता रिमोट किंवा बटण बंद करून हात घालू नका. इन्व्हर्टर मशीन असेल तर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो आणि वीज बंद केली तरी तो लगेच उतरत नाही. निदान दहा मिनिटं थांबा, मल्टिमीटरने मोजून खात्री करा, मगच पुढे जा. आणि मशीन वॉरंटीत आहे का, ते बिलाच्या तारखेवरून आधी विचारा. असेल तर उघडू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावून द्या.

पायरी १ : डोळ्यांनी बघा. सेन्सर आपल्या खोबणीत पूर्ण बसलाय का? क्लिप घट्ट आहे का? वायर उंदराने कुरतडलीय का? पिनांवर थर आहे का? कुणीतरी आधी टेप गुंडाळून जोड दिलाय का? निम्मी प्रकरणं इथेच सुटल्यासारखी होतात.

पायरी २ : कनेक्टर काढून मोजा. सेन्सर बोर्डाला जोडलेला असताना रेझिस्टन्स मोजलात, तर बोर्डावरचे रेझिस्टरही त्यात येतील आणि आकडा चुकेल. मीटरची रेंजही बघा. २० केच्या रेंजवर ठेवलेला साधा मीटर बर्फात ३३ किलो-ओहम दाखवू शकत नाही, तो 'ओएल' किंवा '१' दाखवतो. नवीन मुलं तिथेच सेन्सर ओपन आहे असं समजून फेकून देतात. रेंज २०० के करा.

पायरी ३ : बर्फात मोजा. ग्लासात बारीक केलेला बर्फ आणि थोडंसं पाणी घ्या, ढवळा. हे शून्य अंश. सेन्सरचं टोक बुडवा, दोन-तीन मिनिटं थांबा. १० केचा सेन्सर ३२ ते ३४ किलो-ओहमच्या आसपास यायला हवा. टोक बोटात धरू नका, नाहीतर तुमच्याच अंगाचं तापमान मोजाल.

पायरी ४ : गरम पाण्यात मोजा. ५० अंशांच्या आसपासचं पाणी, शेजारी डिजिटल थर्मामीटर. रीडिंग तक्त्याशी जुळवा. नंतर सेन्सर पाण्यातच ठेवून वायर हळूहळू हलवा. आकडा उड्या मारत असेल तर वायर आतून तुटायला आलीय.

मोजताना कनेक्टरच्या पिनांपासून मोजा, आणि आकडा चुकला तर वायर सोलून सेन्सरच्या जवळूनही मोजा. जवळून बरोबर आणि पिनांपासून चूक आली, तर सेन्सर चांगला आहे, दोष कनेक्टरचा.

पायरी ५ : बोर्डाची परीक्षा घ्या. सेन्सर दोन्ही ठिकाणी बरोबर निघाला तर आता बोर्डावर संशय घ्यायचा. त्यासाठी रुपया-दोन रुपयांचा १० के रेझिस्टर पुरतो. वीज बंद असताना तो सेन्सरच्या जागी कनेक्टरमध्ये लावा, हात बाहेर काढा, वीज सुरू करा. १० केच्या मशीनमध्ये डिस्प्लेवर २५ अंशांच्या आसपास आकडा यायला हवा. मग ३.३ के लावून बघा, ५२च्या आसपास यायला हवा. दोन्ही आकडे बरोबर आले तर बोर्ड नीट वाचतोय. आकडे भलतेच आले, तर आता तुम्ही पुराव्यासह म्हणू शकता की पीसीबीत दोष आहे.

एक गोष्ट बजावून सांगतो. हा रेझिस्टर फक्त आकडा वाचण्यापुरता. मशीन त्यावर चालवायचं नाही. "तात्पुरतं चालू करून देतो" म्हणत रेझिस्टर लावून निघून जाणारे लोक आहेत. त्या क्षणापासून टाकी किती तापली, हे मशीनला कळतच नाही. असा जुगाड तुमच्या दुकानाच्या नावावर कधीही होऊ देऊ नका.

सेन्सर बदलताना

पार्टच्या दुकानात "हीट पंपाचा सेन्सर द्या" एवढं सांगून चालत नाही. चार गोष्टी सांगा : २५ अंशांचा रेझिस्टन्स, बीटा, टोकाचा आकार, आणि वायरची लांबी व कनेक्टर. जमलं तर जुना सेन्सर सोबत न्या.

रेझिस्टन्स चुकला तर काय होतं, बघा. १० केच्या जागी ५ केचा सेन्सर बसवला. कनेक्टर बसतो, एरर येत नाही, सगळं छान दिसतं. पण पाणी ३७ अंशांवर गेलं की बोर्डाला ५५ झाल्यासारखं वाटतं आणि मशीन बंद होतं. ३७ म्हणजे आपल्या अंगाइतकं कोमट! दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ग्राहकाचा फोन येणारच.

नवीन सेन्सर बसवण्याआधी तोही बर्फात आणि गरम पाण्यात मोजून घ्या. टोकाला थर्मल पेस्ट लावा, खोबणीत तळापर्यंत सरकवा, क्लिप लावा, वरचं इन्सुलेशन परत नीट बसवा. पाइपावरचा सेन्सर उघडा राहिला तर तो पाइपाऐवजी हवेचं तापमान सांगेल. जोड द्यायचाच असेल तर सोल्डर करून वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, काळी टेप चालणार नाही. वायर पॉवर केबलपासून लांब ठेवा आणि कनेक्टरच्या आधी तिला खाली झोका द्या, म्हणजे वरून आलेलं पाणी कनेक्टरमध्ये न शिरता खाली ठिबकेल.

शेवटी मशीन सुरू करून एक पूर्ण हीटिंग होईपर्यंत लक्ष ठेवा. टाकी मोठी असेल तर वेळ लागतो. थांबणं शक्य नसेल तर संध्याकाळी फोन करून आउटलेटचं तापमान विचारून घ्या.

आता धंद्याचा हिशोब

हे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावातले भाव तुम्ही टाका.

समजा, पीसीबी तुम्हाला ६,५०० ला पडतो आणि तुम्ही ८,००० ला लावता. कागदावर १,५०० सुटले. पण दोष सेन्सरचा होता. दोन दिवसांत तक्रार परत. दोन फेऱ्या फुकट, पेट्रोल तुमचं, आणि ग्राहक म्हणतो पैसे परत द्या. एकदा बसवलेला बोर्ड पार्टवाला सहसा परत घेत नाही. म्हणजे १,५०० मिळवायला गेलात आणि ६,५०० अडकले.

दुसरीकडे, तपासणी ५०० रुपये, २५० ला पडलेला सेन्सर ४०० ला, बसवण्याचे ३००. हातात ९५० राहतात, काम एका फेरीत संपतं आणि उरलेल्या दिवसात आणखी दोन कॉल होतात.

ग्राहक विचारेल, "एवढ्याशा सेन्सरसाठी ५०० तपासणी?" याचं उत्तर तोंडी देऊ नका, कागदावर द्या. जॉब कार्डवर चार ओळी लिहा : बर्फात किती यायला हवं होतं आणि किती आलं, गरम पाण्यात किती यायला हवं होतं आणि किती आलं. खाली नवीन सेन्सरचे आकडे. जुना सेन्सर पिशवीत घालून ग्राहकाच्या हातात द्या. ओहम म्हणजे काय, हे त्यांना कळलं नाही तरी चालेल. हा माणूस मोजून बोलतो, एवढं त्यांना नक्की कळतं. डॉक्टरची फी आपण तपासणीची देतो, गोळीची किंमत वेगळी असते. तुमची तपासणीही तशीच बिलात वेगळी ओळ म्हणून दिसली पाहिजे.

नव्या माणसाने सुरुवात करायला हे काम का चांगलं, तेही सांगतो. यात गॅसची लाइन उघडावी लागत नाही, व्हॅक्यूम पंप लागत नाही, भांडवल कमी लागतं. मल्टिमीटर, डिजिटल थर्मामीटर, सोल्डरिंग आयर्न, थर्मल पेस्ट, स्लीव्ह, दोन-तीन रेझिस्टर आणि ५ के, १० के, ५० केचे थोडे सेन्सर एवढ्यावर पेटी तयार होते. आणि हेच थर्मिस्टर स्प्लिट एसीत असतात, फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये असतात, पाणी तापवणाऱ्या वॉशिंग मशीनमध्येही असतात. तक्ता बदलेल, मोजायची पद्धत तीच. गॅसचं काम मात्र रीतसर शिकल्याशिवाय करू नका. त्यासाठी आयटीआयचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा कोर्स आहे, किंवा चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली वेळ द्या.

या आठवड्याचा गृहपाठ

बाजारातून १० केचा एक सेन्सर आणा. घरीच बर्फात, माठातल्या पाण्यात, साध्या नळाच्या पाण्यात, आंघोळीच्या गरम पाण्यात मोजा. प्रत्येक वेळी शेजारी थर्मामीटर ठेवा आणि वहीत दोन रकाने करा : तापमान आणि किलो-ओहम. नंतर सेन्सरच्या एका वायरमध्ये मुद्दाम १ केचा रेझिस्टर जोडा आणि सगळं पुन्हा मोजा. गार पाण्यात लपलेली चूक गरम पाण्यात कशी उघडी पडते, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

एवढं एकदा हाताने केलंत की ग्राहकाच्या दारात "पीसीबी गेलाय" हे वाक्य तुमच्या तोंडून मोजल्याशिवाय निघणार नाही. वही भरा, पेटी भरा, आणि कामाला लागा. भेटू पुढच्या व्हिडिओत!